गडझुंज दोनचा कौल

लीगवाल्यांनी मंगळवारी जाहीर केलं आणि बुधवारच्या दुपारपर्यंत मंगरूळपिरात दोन पक्ष पडले. निवडणुकीतही इतक्या लवकर पडत नाहीत. तिथे आधी जेवणावळी लागतात.

गडझुंज हा मोबाईलवरचा खेळ. पाच वीर इकडून, पाच तिकडून, ज्याचा गड आधी पडला तो हरला. पगारी खेळाडूंचे संघ त्याची देशभर लीग खेळतात, आणि नागपूरच्या संघात इथून जवळच्या मानोऱ्याचा अमरदीप आहे. म्हणून दर रविवारी रहीमभाईंच्या बिछायत केंद्राच्या गोदामात, लग्नाच्या गाद्यांवर मांडी ठोकून, पन्नास-साठ माणूस पडद्यावर सामना बघतं. आता लीगवाले म्हणाले, जुनी गडझुंज बंद. या रविवारपासून सगळे सामने गडझुंज दोनवर. कोणाला विचारलं? एसीत बसलेल्या चार जणांनी एकमेकांना विचारलं असेल. गादीवरच्या माणसाला विचारायची पद्धत या देशात नाही, खेळात तरी कुठून येणार.

पडद्याशेजारी माईक धरून बसायची ती नाजिश, रहीमभाईंची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लीगची खरी कॉमेंट्री हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत येते आणि ती करणारे दोघे असे किंचाळतात, जसा कोणी त्यांच्या पायावर पलंग ठेवला. एका रविवारी नाजिशनं तो आवाज बंद केला आणि स्वतःच बोलायला लागली, वऱ्हाडीत, जसं मैतरणीला सांगतात तसं. त्या दिवसानंतर गोदामानं तो दुसरा आवाज परत लावू दिला नाही. कॉलेजात सर तिचा वर केलेला हात पाहून खिडकीबाहेर बघायचे. घरात फुफूसमोर, म्हणजे आत्यासमोर, तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कोणीतरी पाणी मागायचं. गोदामात मात्र भागवतकाकांसारखा माणूससुद्धा, ज्यानं जन्मात खेळाला बोट लावलं नाही, पान तोंडात धरून तिचं ऐकत बसायचा.

ती जागा आता जाणार होती, आणि हे फक्त नाजिशला ठाऊक होतं. कारण नवा खेळ तिच्या फोनवर चढतच नव्हता. ‘आपले उपकरण पात्र नाही,’ असं तो फोन तिला तोंडावर सांगायचा. जुन्या खेळाची एकूण एक वाट, एकूण एक वीर तिला पाठ. नव्यातलं ओ की ठो माहीत नाही. चुलतभाऊ तौकीरच्या मोबाईल दुकानात बसून शिकता आलं असतं, पण तौकीरच्या दुकानात दुपारी शिंकलं तर संध्याकाळी बस स्टँडवर लोक तब्येत विचारतात. ती गप्प राहिली.

रविवारी चारला नव्या लीगचा पहिला सामना होता. दोनलाच गोदाम भरलं. निम्म्या लोकांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, छातीवर ‘जुनं ते सोनं’. ते हरीओमनं खास अकोल्याहून छापून आणले होते. हरीओमचं कृषी केंद्र आहे, आणि बियाणं असो की खेळ, नवीन वाण आलं की आधी शिवी द्यायची, असा त्याचा रिवाज.

“गोफणवाली वीरच काढून टाकली बे त्यायनं,” हरीओम उभा राहून सांगत होता, आवाज असा की घरातलंच कोणी गेलं. “अमरदीपनं तिच्यावर दोन फायनली मारल्या. हे म्हणजे बैल इकून टाकायचा अन् माणसाले म्हणायचं, कर नांगरणी.”

“बैल इकून ट्रॅक्टर आणला म्हण ना,” तौकीर गादीवरूनच बोलला. तो नव्यांचा पुढारी.

“ट्रॅक्टर नोय थे, डीजे हाय. नुस्ता लाइट अन् धूर.”

“तू पाह्यला का?”

“म्या? हात नाही लावला. शपथ हाय.”

“मंग लाइट हाय म्हणून कसं मालूम पडलं?”

“लोक सांगतात.”

“तौकीरभाऊचं सोडा,” वैभवी मधेच म्हणाली. ती फार्मसीला शिकते, जुन्यांच्या पक्षात सगळ्यात कडक. “नव्या खेळानं फोन तापते. तापला का याच्या दुकानात जाते. याले खेळाचं का पडलं?”

“ताई, परवा तुमचाबी फोन आलता माह्याकडे,” तौकीर म्हणाला. “कायले तापला होता थो, सांगू का सगळ्याईले?”

वैभवीनं एकदम ओढणी नीट करायला घेतली.

जुन्यांची मागणी सरळ होती. नवा सामना दाखवायचा नाही. मागच्या वर्षीची फायनल पुन्हा लावायची आणि नाजिशनं पुन्हा बोलायचं. हरीओम तिच्याकडे वळला. “तू आमच्याकून हाय ना, नाजिश? तुह्याबिगर मजा नाही.”

नाजिशच्या जिभेच्या टोकावर ‘हो’ येऊन बसलं. जुनी फायनल म्हणजे पाठ केलेला धडा. माईक सुटला नसता. पण पडद्यावर अमरदीप नव्या रणात उतरणार आणि आपण इकडे त्याचं जुनं पुराण वाचत बसणार, हे तिला बरं वाटेना. “मी माईकवाली आहो,” ती म्हणाली. “माहा पक्ष नसते.”

रहीमभाईंनी पडद्याची दोरी हातात घेतली. “पडदा एक हाय. दोन सामने होत नसतात. पाच मिनिटात ठरवा, नाही तं गुंडाळून ट्रकात टाकतो. मले उद्या शेलूले मांडव हाय.”

हात वर करा, असं कोणीतरी म्हणालं. कोणी करेना. पिवळा शर्ट घालून नव्यासाठी हात कसा वर करणार, आणि तौकीरसमोर जुन्यासाठी कसा करणार, त्याच्याकडे सगळ्यांचे फोन. तेव्हा भागवतकाकांनी पान थुंकलं आणि खांद्यावरचा दुपट्टा काढला.

भागवतकाका बैलबाजारातले दलाल. जन्म त्यात गेला. बैलाचा भाव चारचौघात बोलत नाहीत. दलाल दुपट्ट्याखाली हात धरतो, बोटं दाबून आकडा सांगतो, घेणारा बोटं दाबून उत्तर देतो. सौदा फिसकटला तरी कोणाची इज्जत जात नाही, आणि दुपट्ट्याखालचं दलालाच्या तोंडून मरेपर्यंत निघत नाही.

“एकेक जण या,” काका म्हणाले. “जुन्याले एक बोट दाबा, नव्याले दोन. मी कोणाचं नाव घेत नाही. घेतलं तं बाजारात पाय ठेवणार नाही.”

गोदामाला हे एकदम पटलं. रांग लागली. बैल नाही, वासरू नाही, आणि माणसं अशी गंभीर चेहऱ्यानं दुपट्ट्याखाली हात घालत होती, जशी खिलारी जोडीच घेऊन घरी जाणार. एकानं सवयीनं भाव पाडून मागितला, काकांनी त्याच्या मनगटावर चापट दिली. हरीओम आला तेव्हा छाती पुढे काढून आला, आणि त्याचा हात आत इतका थोडा वेळ राहिला की काकांनी त्याच्याकडे एकदा निरखून पाहिलं.

नाजिश सगळ्यात शेवटी गेली. काकांची बोटं खरखरीत, थंड. नवा खेळ आला की आपण मुके. एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं एक बोट दाबलं आणि कोणाकडे न बघता जागेवर येऊन बसली.

काकांनी दुपट्टा झटकला, परत खांद्यावर टाकला. “जुन्याले एकच बोट पडलं,” ते म्हणाले. “बाकी सारी नव्याले.”

पिवळे शर्टवाले एकमेकांच्या छातीवरची अक्षरं वाचू लागले. कोणी छताकडे बघत होतं, कोणाला अचानक चप्पल शोधायची होती. वैभवीला खोकला आला. म्हणजे शपथा घेणाऱ्या सगळ्यांनी घरी जाऊन, दार लावून, गडझुंज दोन उतरवून घेतली होती आणि रात्रंदिवस बडवत बसले होते. सगळ्यांनी. मग तौकीर हसायला लागला, गादीवर आडवाच झाला, आणि त्याच्यामागे सगळं गोदाम.

“हसा,” हरीओम उठून उभा राहिला. “एक बोट माह्यं होतं. एकटा राह्यलो, पण इमान नाही इकलं. तुमी सारे फितूर निंगाले.”

हसणं थांबलं. दोघा-तिघांनी खाली माना घातल्या. एकानं तर उठून त्याचा हात हातात घेतला. नाजिशचं तोंड उघडंच राहिलं. तिनं काकांकडे पाहिलं. काका पानाला चुना लावत होते, चेहरा दगडासारखा.

चारला सामना लागला. पडद्यावर नवं रण उघडलं आणि गोदामाच्या तोंडातून एकच ‘अग्गं बाई’ निघालं, बाप्यांच्यासुद्धा. धुकं काय, पाणी काय, झाडांची पानं हलत होती. अमरदीप कुठलासा नवा वीर घेऊन आला, हातात गोफण नाही, लांब दोर.

“तं मंडळी,” नाजिशनं सुरुवात केली, “अमरदीप निंगाला... इकडून निंगाला... अन् आता थो...”

पुढे शब्दच नाहीत. पडद्यावर पाच-सहा गोष्टी एकदम फुटल्या आणि तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

“माईक बंद पडला का?” मागून कोणी विचारलं.

“मूळ आवाज लाव ना मंग,” दुसरा म्हणाला. रहीमभाईंनी रिमोट शोधायला घेतला.

तेवढ्यात तिच्या कानाशी कुजबुज आली. हरीओम वाकून बसला होता. “धुकेकुंड म्हण. निळ्या पाण्यात उभं राह्यलं का ताकद भरते. पण शिंगाड्या जागा असला तं जाऊ नाही.”

नाजिशनं मान वळवली. माईक तोंडापुढेच होता. “हरीओमभाऊ, शिंगाड्या कोण?”

“डाव्या अंगचा राक्षस. पह्यले शेपटीवर मारा लागते, तोंडावर मारला का आपलाच वीर जाते. मी तं चार वेळा...”

हरीओम थांबला. माईकमधून त्याचा आवाज चारही भोंग्यांतून गोदामभर गेला होता.

“हात नाही लावला ना बे?” तौकीरनं शांतपणे विचारलं.

“लोक सांगतात,” हरीओम म्हणाला. ते कोणाला ऐकू गेलं नाही. लोक गादीवर लोळत होते, आणि वैभवी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

नाजिशच्या अंगात एकदम काहीतरी सुटलं. भीती होती ती, कुठे गेली कोण जाणे. “अन् थे एक बोटबी तुमचं नोतं, भाऊ,” ती माईकमध्ये म्हणाली. “माह्यं होतं.”

“पोरी,” भागवतकाका दरडावले, “दुपट्ट्याखालचं वर काढत नसतात.”

“तुमी नाही काढलं, काका. माह्यंच बोट हाय, मी काढलं.” ती उभी राहिली. “मले हा खेळ येत नाही. माह्या फोनवर चढतच नाही थो, म्हंते तू पात्र नाही. एका नावाचा पत्ता नाही मले. आता मले जे दिसीन थे सांगीन अन् जे वाटीन थे नाव ठेवीन. नसीन जमत तं लावा त्या किंचाळ्याईले.”

रहीमभाईंच्या हातात रिमोट होता. त्यांनी तो गादीखाली सरकवला.

“तं हे निळं पाणी, ज्याले भाऊ कुंड म्हणून राह्यले,” नाजिश म्हणाली, “हे मालेगाव फाटा हाय. सारे तिथं येऊन उभे राह्यतात अन् कोणालेच जायला भेटत नाही. पाहा, दुश्मनाचे तीन उभे हायेत, एस्टीची वाट पाहत. अमरदीप झाडामांगून आला. त्याच्या हातात दोर हाय, गोठ्यातला. टाकला. धरला एकाले शिंगाले. ओढ बाबा, ओढ, दावणीले बांध त्याले. अन् हा शिंगाड्या उठला. हा नोय शिंगाड्या, हे मोठे बाबू हायेत. जेवून झोपले होते, कोणी फाइल आणली म्हणून चिडले.”

हशा असा उठला की पत्रे वाजले. तिला थांबावं लागलं, आणि थांबली तर लोक ओरडले की थांबू नको. ती पळत्या गाडीसारखी बोलत गेली. मधल्या अरुंद पुलावर दहाही वीर गोळा झाले तेव्हा ती म्हणाली, “ही पोहरादेवीची जत्रा. कोणाचा पाय कोणाच्या पायात, अन् कोणाचं पोट्टं कोणाच्या हातात.” जुन्या खेळात तिनं कधी एका जागेला नाव ठेवलं नव्हतं, कंपनीनं दिलेली नावं तीन वर्षं पोपटासारखी म्हणत आली होती. आता तिच्या तोंडून रस्ते, फाटे, नाले धबाधबा पडत होते, आणि खाली बसलेली माणसं पुढचा शब्द काय येतो म्हणून श्वास धरून होती.

पहिला डाव नागपूरचा संघ हरला. अमरदीप बाबूंच्या तोंडावर मारायला गेला आणि स्वतःच गेला. “गेला आपला मानोऱ्यावाला,” नाजिश म्हणाली, “पण जाताना दोघाईले घेऊन गेला, जसा पाहुणा डबा भरून नेते.” हरल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरीओमनं पिवळा शर्ट काढून घाम पुसला, आणि बनियनवर बसून शेजाऱ्याला सांगायला लागला की शेपटीवर मारायला पाहिजे होतं, कोणी ऐकतच नाही.

दुसरा डाव सुरू व्हायच्या आत मागून किसनसिंग उठला. तो जिल्ह्यातल्याच मालेगावहून खास मोटरसायकलनं येतो. “माहा आक्षेप हाय,” तो म्हणाला. “आमच्या फाट्याचं नाव त्या डबक्याले काहून? मंगरूळचं द्या.”

“आमचं कायले?” वैभवी उठली.

“मंग कारंज्याचं द्या.”

कारंज्याचे दोघे उठले. तौकीर गादीवर उभा राहिला. काकांनी परत दुपट्ट्याला हात घातला.

“बसा खाली सारे,” नाजिश माईकमध्ये म्हणाली. “फाटा फाट्याच्या जागीच राहीन. अन् किसनसिंगभाऊ, या डावात अमरदीप पह्यल्यांदा जिथं पडीन, त्या जागेले तुमचं नाव.”

किसनसिंग बसला नाही. तो माणसं ओलांडत थेट पडद्यापाशी गेला आणि अमरदीपला हात जोडून सांगायला लागला की बाबा, मरायचंच असलं तं तेवढं चांगल्या जागी मर.