मी मधपेटी, चुलीत जाणार नाही

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, चुलीत जायला मी मुळीच तयार नाही.

अनसिंगच्या सुताराने मोडक्या बैलगाडीच्या फळ्यांतून मला ठोकून काढले. माझी एक बाजू तिरकी झाली, ती आजही तशीच आहे. रिठदच्या कस्तुराबाईंनी उंबराच्या ढोलीतले सातेरी जातीच्या मधमाश्यांचे मोहोळ हलक्या हाताने काढून माझ्यात वसवले. लहानखुऱ्या, पिवळसर माश्या, पण कामाला वाघ. कस्तुराबाई बियाण्यासाठी कांदा लावतात. त्याच्या पांढऱ्या गोंड्यांवर माशी फिरली नाही तर बी भरत नाही आणि सारी मेहनत मातीत जाते. माझ्या माश्यांनी ती वेळ कधी येऊ दिली नाही. तेव्हा मला हळदकुंकू लागायचे आणि उन्हात अंगावर ओले गोणपाट पडायचे.

मग त्यांचे यजमान पुंजाजी दूरच्या थंड, पावसाळी घाटातून नवीकोरी पांढरी पेटी घेऊन आले. आत माश्या सातेरीच, पण थोराड आणि काळपट. मला माझ्या माश्यांसकट शेतातल्या गोठ्यामागे सरपणाला टेकवले.

"हंगाम झाला का हे डबडं फोडून चुलीत घाल," पुंजाजी म्हणाले. "माशी म्हंजे माशी. इथली काय अन् घाटातली काय."

"आधी गोंडे फुलू द्या, मंग पाहू," कस्तुराबाई म्हणाल्या.

गोंडे फुलले आणि ऊनही तापले. घाटातल्या माश्या दारावर लोंबकळून पंखांनी वारा घालत बसल्या. बिचाऱ्या शेतात जाणार कधी? माझ्या मात्र भल्या सकाळपासून फेऱ्या मारत होत्या. गोठ्याकडचे गोंडे बियांनी भरले, पांढऱ्या पेटीकडचे पोचट राहिले.

ते पाहून पुंजाजींनी भलताच अर्थ काढला. "या पेटीतच काई गुन हाय. हिच्यातल्या माश्या हाकलू अन् घाटातल्या भरू."

इतक्या वर्षांनी माझी स्तुती झाली, आणि मला संताप आला. तिरक्या फळ्यांत कसला आलाय गुण? घरच्यांना बेघर करून मिळणारा मोठेपणा मला नको होता. पण पुंजाजी धुराचे घमेले घेऊन आलेच. कस्तुराबाई माझ्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यांची लेक साधना मंगरूळपीरच्या कॉलेजात शिकते. दोन्ही पेट्यांखाली मरून पडलेल्या माश्या तिने तिथे तपासून घेतल्या होत्या.

"बाबा, गुन पेटीत नाई, माश्यायत हाय," ती म्हणाली. "जात एकच, पन घाटातल्या अन् आपल्या माश्यायची पिढ्यान् पिढ्या गाठच पडली नाई. इथं उनात ज्या टिकल्या त्यायचीच पिल्लं वाढली, तिथं थंडी-पावसात टिकलेल्यायची. आपल्या तिकडं नेल्या तर गारठून मरतील."

"अन् या गेल्या तर पुन्हा कुठून आनसान?" कस्तुराबाईंनी विचारले.

पुंजाजींनी घमेल्यावर पाणी ओतले. पांढरी पेटी आपल्या घाटात परत गेली.

मित्रांनो, मी अजून गोठ्यामागेच आहे, सरपणाच्या शेजारी. उद्या पुन्हा कुणी कुऱ्हाड घेऊन आले, तर खुशाल यावे. फक्त आधी माझ्या दाराला कान लावावा आणि आत कोण राहते ते ऐकावे.