टॅबिथामावशीची बाटली

मी एक जुनी औषधाची बाटली आहे. फिकट हिरवट-निळ्या काचेची, वीतभर उंच, बारीक गळ्याची. माझ्याकडे पाहिलं की कुणीही म्हणतं, काय गोड बाटली आहे! मित्रांनो, फसायला होतं ते तिथेच. मी दिसायला गोड आणि माझ्यातलं औषधही गोड. कडू औषध माणसं निदान बेतानं तरी घेतात.

माझा जन्म सव्वाशे वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका काचभट्टीत झाला. कारागिरानं लोखंडी नळीच्या टोकावर तापलेली काच घेतली, ती साच्यात सोडली आणि नळीतून फुंकर मारली. साच्यात इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, तीच माझ्या पोटावर उमटली. 'टॅबिथामावशीचं पाळणा सिरप'. त्या कारागिराच्या फुंकरीचा एक बुडबुडा अजूनही माझ्या काचेत अडकलेला आहे. माझ्यात प्रामाणिक म्हणावं असं तेवढंच.

कारण टॅबिथामावशी नावाची बाई कधी नव्हतीच. माझा मालक आधी वार्निश विकायचा. औषधातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं मात्र नीट कळत होती. बाळ रडायला लागलं की आई घाबरते आणि घाबरलेली आई डॉक्टरआधी मावशीकडे वळते, हे त्यानं हेरलं होतं. म्हणून त्यानं एका चित्रकाराकडून पांढऱ्या टोपीतली प्रेमळ म्हातारी काढून घेतली आणि तिला माझ्या लेबलवर बसवलं. गुबगुबीत बाळांची रंगीत कार्डं छापून ती दुकानादुकानांतून फुकट वाटली. मुलं ती जमवायची, वहीत चिकटवायची. घरोघरी फुकट पंचांगं जायची. त्यात चंद्राच्या कला, पावसाचे अंदाज आणि पानापानावर मी.

आणि पत्रं! मालकाच्या कचेरीत मागच्या खोलीत एक कारकून बसायचा. त्याचं अक्षर बाईमाणसासारखं नाजूक होतं. तो रोज दहा-बारा पत्रं लिहायचा आणि खाली सही करायचा, 'एक कृतज्ञ माता'. ती पत्रं वर्तमानपत्रांत छापून यायची. त्यातलं एक मला अजून पाठ आहे. 'आमचं बाळ आता दुपारभर छान झोपतं. रडण्याचा आवाजसुद्धा नाही.'

लेबलवर लिहिलं होतं, संपूर्ण निर्धोक. आत काय आहे ते मात्र लिहिलेलं नव्हतं, कारण तसं लिहायला लावणारा कायदाच त्या वेळी नव्हता. तुम्हाला मी सांगते. साखर, बडीशेपेचा अर्क, दारू आणि अफू.

मला विकत घेतलं ते न्यू जर्सीतल्याच पॅटरसन शहरातल्या रेशीम गिरणीत काम करणाऱ्या एका बाईनं. तिचं बाळ सहा महिन्यांचं होतं. तिला दिवसभर मागावर उभं राहावं लागायचं. आधी ती बाळाला एक चमचा द्यायची, पुढे दोन द्यायला लागली. बाळ झोपायचं. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी लेकरू आहे! एके दुपारी ती गिरणीतून घरी आली, तेव्हा बाळ झोपलेलंच होतं. ते पुन्हा उठलं नाही.

मित्रांनो, मला वाटलं होतं की आता ती मला भिंतीवर फोडील. मला ते हवंच होतं. पण तिला माझा संशयसुद्धा आला नाही. तापानं गेलं, असं ती म्हणत राहिली. आणि उरलेलं औषध वाया जायला नको म्हणून तिनं मला शेजारच्या बाईला देऊन टाकलं. त्या बाईचंही बाळ लहान होतं.

रिकामी झाल्यावर मला घरामागच्या संडासाच्या खड्ड्यात टाकलं. पापाचा घडा भरतो म्हणतात. मी तर रिकामी होऊन, चिखलात तोंड खुपसून शंभर वर्षं पडून राहिले. माझं लेबल कुजून गेलं आणि ती म्हातारी मावशीही त्याबरोबर गेली. बरं झालं, असं मी स्वतःशी म्हणायचे.

सन २००३मध्ये जुन्या बाटल्यांच्या नादी लागलेल्या दोन माणसांनी तो खड्डा खणला आणि मला बाहेर काढलं. जुन्या बाजारात मला वीणानं पाहिलं. वीणा नागपूरची. इथल्याच पिस्कॅटवे गावातल्या युनिव्हर्सिटीत ती जुन्या औषधांच्या जाहिरातींवर पीएचडी करत होती. माझ्या पोटावरची अक्षरं वाचताच तिनं मला घट्ट धरलं. घरी नेऊन तिनं मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि नवऱ्याला, प्रथमेशला हाक मारली.

"हे बघ! दिसते क्यूट, पण किती बाळं मारली असतील हिनं."

"मग ती किचनमध्ये कशाला ठेवतेस यार?" प्रथमेश म्हणाला.

"रोज समोर दिसली की थिसिस लिहिला जाईल."

मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. शंभर वर्षांत मला खऱ्या नावानं ओळखणारं हे पहिलंच माणूस होतं. इथे माझ्या हातून काही वाईट होणार नाही, असं मी धरून चालले. किती भाबडी होते मी!

२००६च्या वसंतात वीणाला मुलगी झाली, अनिका. बाळंतपणाला वीणाची आई, पद्मिनीबाई, नागपूरहून आल्या होत्या. तुम्हाला ठाऊकच असेल, इकडच्या मराठी घरांत आज्या पाळीपाळीनं येतात. एकीचे सहा महिने संपले की दुसरी विमानात बसते. पद्मिनीबाई परत गेल्या तेव्हा अनिका चार महिन्यांची होती. प्रथमेशच्या आईला मात्र व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळत नव्हती. दोन आज्यांच्या मधला तो रिकामा काळ सुरू झाला.

अनिका दुपारी दोनला जी रडायला लागायची ती पाच वाजेपर्यंत. वीणाचं शेवटचं प्रकरण अर्धवट पडलं होतं आणि प्रथमेश ऑफिसात असायचा. वीणा बाळाला खांद्यावर टाकून खिडकीपाशी येरझाऱ्या घालायची. तिचे डोळे मी जवळून पाहिले आहेत. पॅटरसनच्या त्या बाईचेही असेच होते.

अशाच एका दुपारी जवळच्या पार्सिपनी गावाहून दीपाकाकू आल्या. महाराष्ट्र मंडळातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी डिंकाचे लाडू घेऊन जाणाऱ्या या काकू. मनानं सोन्यासारख्या. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची एक बाटली काढली. तिच्यावर लेबल नव्हतं. आत तपकिरी, दाटसर काढा होता.

"गावाकडच्या वैद्यबुवांचा आहे," त्या म्हणाल्या. "परवा इंडियाहून आले ना, सुटकेसमध्ये मेतकुटाच्या डब्याशेजारी ठेवून आणला. माझ्या दोन्ही मुलांना दिलाय. आज दोघं कॉलेजात आहेत."

"यात काय काय असतं, काकू?"

"अगं, कंप्लीटली नॅचरल! मुरडशेंग, वेखंड, आणि त्यांचं त्यांचं काहीतरी. आताच यामिनी, सीमा आणि अस्मिताकडे देऊन आले. दुपारी एक चमचा दे, बघ कशी गाढ झोपते."

तिथेच वीणानं थांबायला हवं होतं. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या आयांनी का विचारला नाही, असं ती आपल्या प्रबंधात लिहीत होती. तिनं तो विचारलाही, पण उत्तराची वाट पाहिली नाही. दुकानातून आलेल्या औषधाचं लेबल ती चष्मा लावून वाचायची. आपल्या गावाहून, आपल्या माणसाच्या सुटकेसमधून आलेल्या औषधाला लेबल कशाला?

"पण हे प्लॅस्टिकमध्ये ठेवायचं नाही हं," काकू म्हणाल्या. "काढा नेहमी काचेत ठेवावा. काचेची बाटली आहे का एखादी?"

घरात होती ती साल्साची बरणी, तिचा वास जात नव्हता. काकूंची नजर फिरत फिरत खिडकीवर आली.

"ही काय! किती गोड आहे."

"काकू, ती माझ्या रिसर्चची आहे!" वीणा हसली. दमलेलं माणूस हसतं तशी.

"चांगली उकळून घेऊ की."

त्यांनी मला वीस मिनिटं उकळलं. मी तडकायचा आटोकाट प्रयत्न केला. पण तो कारागीर फार कसबी होता, माझी काच टिकली. मग त्यांनी तो काढा माझ्यात ओतला.

मित्रांनो, पहिला थेंब माझ्या तळाला लागला आणि मी गार पडले. वर गूळ होता, वेखंड होतं, बडीशेप होती. आणि त्या सगळ्याच्या खाली ती जुनी ओळखीची चव. अफू. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलांच्या वेळी ती नसेलही. हातोहात येणाऱ्या औषधात या खेपेला काय घातलंय, ते कोण पाहतं? माझ्या वेळची मावशी खोटी होती, ही काकू खरी होती. म्हणून तर हिच्यावर कुणी संशय घेणार नव्हतं.

पहिल्या दिवशी वीणानं काकूंनी बसवलेलं बूच उपसलं तेव्हा ते जरा अडकलं. ते मी धरून ठेवलं होतं. पण काचेच्या अंगात जोर तो किती असणार! अनिका झोपली. संध्याकाळी प्रथमेश म्हणाला, "इन्ग्रीडियंट्स एकदा नीट विचारून घे ना काकूंना." वीणा म्हणाली, "घरचंच आहे रे." दुसऱ्या दिवशी अनिका जास्त वेळ झोपली. वीणानं आठ पानं लिहिली.

तिसऱ्या दुपारी चमचा देऊन झाल्यावर वीणानं नागपूरला फोन लावला. तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा वाटत होता. "आई, दुपारभर छान झोपते गं आता. रडण्याचा आवाजसुद्धा नाही."

फोन ठेवून ती टेबलाशी बसली. समोर जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स होत्या. त्यांत माझ्या मालकाच्या कारकुनानं लिहिलेलं ते पत्रही होतं. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं. बोट एका ओळीवर थांबलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

ती खुर्ची पाडून धावली. "अनिका! अनू! ऊठ ना गं!" आतून फक्त वीणाचाच आवाज येत होता. ती बाळाला उचलून माझ्यापाशी आली. बाळ हातपाय सोडून तिच्या खांद्यावर पडलं होतं. ओठ निळसर झाले होते आणि श्वास मधेच थांबत होता. वीणानं नाइन वन वन फिरवला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तिच्या एका हातात बाळ होतं आणि दुसऱ्या हातात मी.

इस्पितळात तिनं मला डॉक्टरांसमोर धरलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. मी सोबत होते म्हणून त्यांना अंदाज लवकर आला. त्यांनी अफूवरचा उतारा टोचला. मी समोरच्या कट्ट्यावर उभी होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग अनिकानं तोंड वासलं आणि ती रडली. चिडून, लाल होऊन, टाहो फोडून रडली. वीणा जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली. जे रडणं बंद करायला माणसांनी मला बनवलं, ते इतकं सुंदर असतं हे मला तेव्हा कळलं.

दीपाकाकू धावत आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, हे आणखी कुणाकुणाकडे आहे? काकूंनी तिथूनच एकेकीला फोन लावला. यामिनीनं अजून दिलं नव्हतं. सीमानं एकदाच दिलं होतं, ती बाळाला घेऊन तडक निघाली. मग त्यांनी अस्मिताला लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"श्श, काकू, हळू बोला," फोनमधून अस्मिताचा आवाज कुजबुजला. "वेदांत आज पहिल्यांदाच असा शांत झोपलाय."

"उठव त्याला! अस्मिता, आधी उठव त्याला!"

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं दूर गेली. नंतर काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्यात एका बाईनं मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तपासणीसाठी नेलं. वेदांतचं पुढे काय झालं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता मी एका कुलूपबंद कपाटात आहे. माझ्या पोटावर, टॅबिथामावशीच्या नावावरच, एक पांढरा कागद चिकटवला आहे. माझ्यात काय काय सापडलं ते सगळं त्यावर लिहिलं आहे. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं खरं लेबल.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा किंवा जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. हवं तर फोडा. पण औषध प्रेमानं दिलेलं असलं, तरी आत काय आहे ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत बूच काढू नका. आणि घरातलं लहान बाळ अचानक फार गुणी झालं, फारच शांत झोपायला लागलं, तर जवळ जाऊन त्याला हाक मारा. ते चिडून रडायला लागलं, तर रडू द्या.