चावी काढल्यावर

गोकुळदासने बॅटरीच्या वायरी इंजिनाला जोडल्या, आणि कृष्णनाथ मास्तरांना विठ्ठलचं पत्र आठवलं. तीन वर्षं ते शब्दकोशाच्या पानांत पडून होतं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

‘मास्तर, चावी काढली तरी इंजिन थांबेना. आपोआप चढतच गेलं. गिअर सुटेना. मी प्यालेलो नव्हतो, देवाशपथ. आता मला कोणी गाडी देत नाही. माझी चूक नव्हती, एवढी एक ओळ तुम्ही लिहून द्या.’

शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालेल्या मास्तरांनी खाणीच्या दिवसांत फंडाच्या पैशांतून खनिज वाहायला टिपर घेतला होता. दोडामार्गचा विठ्ठल त्यावर ड्रायव्हर. पाळी गावच्या उतारावर टिपर एका दुकानात घुसला. आत बसलेल्या बाईचा पाय गेला. मास्तरांनी नंतर स्वतः इंजिन चालू करून पाहिलं होतं. चावी फिरवताच ते निमूट थांबलं. इंजिनाच्या माहितीपुस्तकातही तसंच होतं. मग पोलीस चौकीवर त्यांनी लिहून दिलं : चालकाचा निष्काळजीपणा.

टिपर भंगारात गेला. टर्बोचं इंजिन आणि गिअरबॉक्स तेवढे शेडमध्ये ओंडक्यांवर कसून ठेवले होते. चोपडे गावच्या गोकुळदासला तो सेट आपल्या मासेमारीच्या ट्रॉलरसाठी हवा होता.

“चावी तुमी धरा, मास्तर. मालक तुमी.”

मास्तर एक पाऊल मागे सरले.

“भिता कित्याक? चावणार नाय तां.”

इंजिन सुरू झालं. गोकुळदासने ते चांगलं तापू दिलं, मग रेस वाढवली. आवाज भरला, ओंडके थरथरले.

“बरा आसा! करा बंद.”

मास्तरांनी चावी फिरवली. काहीच झालं नाही. त्यांनी ती उपसून काढली. आवाज उतरायच्या ऐवजी चढला, किंचाळल्यासारखा झाला. निळसर पांढऱ्या धुराने शेड भरली. गोकुळदासने डिझेलची नळीच ओढून काढली, तरी इंजिन चढतच होतं. पत्रे थडथडू लागले, एक बोल्ट निखळून मास्तरांच्या पायाशी पडला.

“पोतं! मास्तर, पोतं हाडा!”

मास्तर चावी हातात धरून उभेच होते. त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, दारातलं ओलं पोतं उचलून त्यांनी गोकुळदासकडे फेकलं. त्याने ते इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर दाबून धरलं. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.



“टर्बोचा सील गेलो,” गोकुळदास घाम पुसत म्हणाला. “तापला की आपलाच तेल पिता. मग चावी काय, डिझेल काय! थंड असताना कळूचाच नाय. आणखी दोन मिनटां, आणि आमचे तुकडे माडावर मिळाले असते. सील मी घालीन. भाव तेवढो कमी करा.”

“हे कोणाला सांगायची गरज नाही ना?” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

“माका कित्याक पडलां? सेट आज जाता, गजाल संपली.”

पद्मावतीबाई नवऱ्याकडे बघत होत्या. “विठ्ठल असाच काहीतरी सांगत होता ना हो?”

मास्तर घरात गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात विक्रीची पावती होती, कार्बन घालून लिहिलेली.  शेवटी एक जास्तीची ओळ होती : इंजिन तापल्यावर चावी काढूनही थांबत नाही, घेणाऱ्याने व देणाऱ्याने समक्ष पाहिले.

गोकुळदास हसला. “विकणारो आपलीच खोट लिवन दिता? मास्तर, धंद्यात तुमी उपाशी मराल!”

“सही कराल?”

त्याने सही केली.

संध्याकाळी मास्तर नाक्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी उभे होते. वाटेत चौकी लागली होती. तिच्यासमोरून जाताना त्यांनी छत्री त्या बाजूला कलती धरली होती. पाकिटात पावतीची दुसरी प्रत होती. तिच्याखाली त्यांनी लिहिलं होतं : ‘विठ्ठल, चावी माझ्या हातात होती. चौकीवर मी खोटं लिहिलं. हा कागद कुठेही दाखव. बोलावतील तिथे मी येईन.’

शेवटचं वाक्य खोडावं का, असं त्यांना पुन्हा वाटलं. पण पाकीट चिकटवलेलं होतं. त्यांनी हात पेटीत मनगटापर्यंत घातला आणि बोटं सोडली.