दोन किल्ल्या

आमचे हे फियाटवाले आणि शेजारचे रावसाहेब अँबॅसिडरवाले. दोघेही खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. रस्त्यावर नव्या गाड्यांची रांग लागली तरी यांचा वाद तोच. फियाट पिकअपला चांगली, गल्लीत पटकन वळते. अँबॅसिडरमध्ये सहा माणसं बसतात, खड्डा कळत नाही. चहा देता देता मला सगळं पाठ झालं. एकदा म्हटलं, मलाही चालवायला शिकवा. दोघे हसले. तेवढं एकच एकमत.

मार्चमध्ये रावसाहेब कॉम्प्युटरवाल्या मुलाकडे अमेरिकेला गेले, किल्ली आमच्याकडे ठेवून. त्याच आठवड्यात भर दुपारी यांच्या छातीत कळ आली. दारात दोन गाड्या, खिळ्यावर दोन किल्ल्या, आणि मी रिक्षा शोधत चौकापर्यंत पळाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अमेरिकेहून परत आल्यावर रावसाहेब भेटायला आले. म्हणाले, "वहिनी, अँबॅसिडरमधून नेलं असतं तर मागच्या सीटवर आडवं तरी झोपवता आलं असतं."

मी खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"गाडी दारातच होती, भावोजी. आणि मीही."