पोरीला मावशीकडे ठेवून

लेकीला मावशीकडे सोडून नवरा-बायको दोघं निघाले, तरी गाडीत लेकच बसली होती. वळण आलं की बायकोचा हात आपसूक मागच्या सीटवर जाई आणि रिकामी सीट चाचपून परत येई.

तो लिफ्टचा मेकॅनिक. दुसऱ्या गावी बदली झाली होती, दोन वर्षांची. मी एकटाच जातो, तुझं पडद्यांचं दुकान, पोरीची शाळा, कशाला उगाच, असं तो म्हणाला आणि ती ‘बरं’ म्हणाली. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. हा एकदा वेगळा राहायला लागला की आपल्यात उरलंय तेवढंही विरून जाईल. खिडकीचं माप घेते, या निमित्तानं ती खोली बघायला निघाली होती.

लेकीच्या पडलेल्या दाताबद्दल बोलून झालं, खोकल्याबद्दल झालं. मग बोलायला काही उरेना.

पेट्रोल पंपावर तो खाली उतरला, तशी ती सवयीनं म्हणाली, “शू लागलीये का? आत्ताच करून घे, मग मधे थांबायचं नाही.”

पंपावरची बाई तोंडावर हात ठेवून वळली. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, “नाही लागली, आई.”

दोघं इतके हसले, की मागच्या गाडीवाल्याला हॉर्न द्यावा लागला.

रस्त्याला लागल्यावर त्यानं विचारलं, आपण एकमेकांना आई-बाबा कधीपासून म्हणायला लागलो? पोरगी बोलायला लागल्यापासून, ती म्हणाली. तिनं आपल्याला नावानं हाक मारू नये म्हणून.

“ती शिकली, आणि आपलं राहून गेलं,” तो म्हणाला. मग जुन्या नावानं हाक मारली, “टाचणी.”

दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला तो आला, तेव्हा ती ओठांत टाचण्या धरून त्याच्याशी भांडली होती. एक अक्षर त्याला कळलं नव्हतं. मग पुन्हा ऐकायला म्हणून तो रोज यायचा, चांगली चालणारी लिफ्ट तपासायला. हे सगळं उगाळता उगाळता गावाचा फाटा कधीच मागे पडला.

गाडी मागे वळवून ते पोचले. खोली स्वच्छ होती. मालकीणबाईंनी बजावलं, एकट्यालाच देते, बायकापोरं चालायची नाहीत.

“मग नको,” तो म्हणाला.

“अरे, पण तू एकटाच राहणार ना?” तिनं विचारलं.

“तुझ्यासाठी म्हणालो होतो. तू लगेच बरं म्हणालीस, मग मला पुढे बोलताच येईना.”

“मी तुझ्यासाठी म्हटलं बरं.”

“आणि दुकान?”

“खिडक्या काय, सगळ्या गावांत असतात.” ती म्हणाली.

मालकीणबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, समोरच्या इमारतीत दोन खोल्यांची जागा आहे, पण चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही.

समोरच्या इमारतीच्या जिन्यात त्यानं तिचा हात धरला. चढायला आधार म्हणून असेल. वर पोचल्यावरही सोडला नाही, त्यामुळे दार तिला डाव्या हातानं वाजवावं लागलं.