बॅटरी मागणारं यंत्र

१ जानेवारी २००२, मंगळवार.

दवनीवाड्यात बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्यात घालतात तो सेल.

एक कट्टा, म्हणजे पोतंभर धान, दारात आणून टाकलेला.

पेपरमिंटचा पत्र्याचा डबा. खुळखुळतो, आत गोळ्या नाहीत.

“नेट बंद करा. देवाले सिग्नलचा विटाळ होते.” हा महाराजांचा हुकूम, गावात घरोघर पोचलेला.

गजेंद्रच्या अंगणात त्या सोमवारी माणूस मावत नव्हता. ओसरीवर त्याचा कॉम्प्युटर, समोर गावात नव्यानं आलेले श्यामलाल महाराज. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि पूर्ण बनावट.

“भाइयों, सन दो हजार अडतीस. उन्नीस जनवरी. त्या दिवशी काळ पलटी मारेल. घरचा कॉम्प्युटर मागे जाईल आणि घरालाही ओढत नेईल. तयारी आजच करायची.”

त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, मुठीतली राख आत फुंकली, वायर उपटली, परत लावली. पडद्यावर उमटलं: १ जानेवारी २००२.

जमुनाबाईंनी हात जोडले. “त्या साली आमच्या घरचे जिते होते. महाराज, त्यायच्याशी बोलता येते का?”

“येईल माई. आधी कट्टा.”

मग लिंबू कापलं, हात पुन्हा आत गेला, तारीख लावली. वायर काढून घातली, तरी आजची तारीख हलली नाही. साठ माणसांनी एकदम श्वास सोडला.

अडतीसची अडचण खोटी नाही, म्हणून जास्त चीड येते. जुन्या प्रणाली १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि तो आकडा एका ठरावीक जागेत ठेवतात. १९ जानेवारी २०३८ ला ती जागा भरेल. मग घड्याळ १९०१ सालात जाऊन पडेल. २००२ मध्ये नाही. फसवणाऱ्यानं निदान साल तरी नीट पाठ करावं. उपाय आहे प्रणाली नवी करण्याचा, आणि बहुतेक कॉम्प्युटरांत तो कधीच झाला आहे. त्यात लिंबू लागत नाही.

ईश्वरदासनं घरच्या कॉम्प्युटरच्या रक्षणासाठी कट्टा दिला नाही. “महाराज, माही पोरगी त्याच्यावर नर्सिंगचा अर्ज भरून राहिली. तिले काम करू द्या.”

“कट्टा नको. फक्त दर्शन घेतो यंत्राचं,” महाराज म्हणाले. घरात गेले, झाकण काढलं, राख फुंकली, निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली. त्याच्या पोरीच्या, रुचिकाच्या पडद्यावर २००२. अर्जाची साइट उघडेना. ‘सुरक्षित नाही’ म्हणे. साइटची ओळखपत्रं आजची, आणि यंत्राच्या लेखी ती अजून जन्मलीच नव्हती. रुचिकानं हातानं तारीख लावली. साइट उघडली, नाव भरलं, वीज गेली. पुन्हा २००२, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. ती तिनं मोठ्यानं वाचली, त्यात एकच शब्द ओळखीचा होता: बॅटरी.

तिच्या आईनं, सुशीलाबाईनं खुंटीवरची टॉर्च आणली. “मांगून राहिला तर देऊन टाक वं.”

आई टॉर्च घेऊन महाराजांकडे गेली, पाठोपाठ धानाचा कट्टाही गेला. महाराजांनी क्षणभर टॉर्चकडे पाहिलं. हसू कसं आवरलं तेच जाणे. “बरोबर. यंत्राला उजेड पाहिजे. लाल कपड्यात एकवीस दिवस बांधा, पुढे टॉर्च ठेवा. आणि या मुलीचं नाव दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर लिहू नका. तेही फिरेल.”

अर्जाची मुदत त्याआधी संपत होती. रुचिका ते रोज सांगत होती. आई म्हणे, “पुढच्या साली भरजो. घर राह्यलं तर अर्ज.” ईश्वरदासही आता आईच्याच बाजूनं. ज्यानं कट्टा नाकारला त्याचंच यंत्र बिघडलं, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं.

शेवटच्या दिवशी, मुदत पाचपर्यंत. आईबाप उन्हाळी धानाच्या कापणीला गेले, तेव्हा दुपारी तीनला रुचिकानं लाल कपड्याची गाठ सोडली आणि कॉम्प्युटरचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून चौकात नेला. घड्याळ मागं पडलं की माणूस घड्याळजीकडेच जातो.

उदाराम घड्याळजींनी झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं. “इथचा सेल कोनं काढला?”

“कोनता सेल?”

त्यांनी खणातून रुपयाएवढा चपटा सेल काढला आणि रिकाम्या खाचेत बसवला. “वीज नसली की याच्यावर घड्याळ चालते. याले इंग्रजीत बॅटरी म्हन्तेत. तुमी का दिलं होतं त्याले?”

“टॉर्च.”

उदाराम हसले नाहीत.

सव्वाचारला ती घरी पोचली. दारात आई, हातात विळा. “गाठ सोडली तूनं? महाराजाले इचारल्याबिगर घरात नाई आनायचा.”

“आई, पाऊन तास राह्यला.”

“चाल आधी तिकडं.”

गजेंद्रच्या अंगणात गर्दी होतीच. सेल कोणी काढला ते बघायला उदारामही पाठोपाठ आले. त्यांनी गजेंद्रच्या रक्षण झालेल्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं.

“भस्म होशील,” महाराज म्हणाले.

“आदी बटन त दाबू द्या.”

सेल काढला, वायर उपटून लावली. २००२. सेल घातला, तारीख लावली, वायर पुन्हा उपटून लावली. आजची तारीख टिकली. लोक म्हणाले, पुन्हा दाखव. दाखवलं. कोणी म्हणालं, दुसऱ्या घरचा आना. आणला. तोही २००२, गावातले सगळे डबे एकाच लिलावातले, तारीख हरवली की सगळे त्याच सालात जातात. रुचिका दर वेळी घड्याळ बघत होती. गजेंद्रनं महाराजांच्या झोळीतून पेपरमिंटचा डबा ओढून उपडा केला. अकरा सेल.

“पन महाराजानं दुरुस्त त केले नं,” गर्दीतून एक जण म्हणाला.

“खिसा कापून रुमाल परत देते, त्याले दुरुस्ती म्हन्ते का गा?” उदाराम म्हणाले.

महाराज तेव्हा चपला शोधत होते. त्या जमुनाबाईंनी पायाखाली दाबून धरल्या होत्या. “माह्या घरच्यायशी बोलनं होनार होतं,” त्या म्हणाल्या. “बोलून जा.”

सुशीलाबाईनं स्वतः कॉम्प्युटरचा डबा उचलून घरी नेला, वायर लावली. रुचिकानं आजची तारीख लावली. साइट लगेच उघडली. मुदत संपली आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती.

महाराजांना पोलिसांनी नेलं. पण ठगाला कोणी विचारलं नाही की सिद्ध कर. पुरावा मागितला तो पोरीकडे, तोही तीनदा, तिच्याच वेळातून. राख फुंकणाऱ्याला पहिल्या दिवशी विचारा: मुठीत काय आहे, उघडा. यंत्र काय म्हणतंय ते कळलं नाही, तर ज्याला कळतं त्याला विचारा. एवढंच करायचं असतं.

महाराज गावात आले त्या सकाळी रुचिकाच्या अर्जाला नऊ दिवस बाकी होते.