मोरीचं तेल

"या भूतलावर खरं औषध एकच, ते म्हणजे मोरीचं तेल! बाकी सगळं रंगीत पाणी!" दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहून लडकू कंपाउंडरनं असं जाहीर केलं, आणि त्याच क्षणी सात वर्षांच्या जनीनं ते एकमेव खरं औषध त्याच्या शर्टावर थुंकलं.

बाकीचं रंगीत पाणी गेली बावीस वर्षं लडकू स्वतःच बाटल्यांत भरत आला होता, पण तो मुद्दा त्यानं भाषणात घेतला नव्हता.

"थुंक गं, थुंक," शर्ट न पुसता तो म्हणाला. "मोरी दर्यात कुणाला भ्याली नाय, ती तुला काय भिनार?" त्यानं दुसरा चमचा भरला, जनीचं नाक चिमटीत धरलं आणि तेल आत गेल्यावर वर गुळाचा खडा सारला.

मोरी म्हणजे शार्क. तिच्या कलेजीचं तेल सरकारातून पत्र्याच्या डब्यातून यायचं. यंदाच्या डब्यावरचा छापील कागद पावसाळ्यात निसटला, तेव्हा लडकूनं आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली होती, 'मोरीचे तेल'.

जनीची आई सुंदरा रोज सकाळी कडावहून दूध घालायला यायची, ती आता लेकीलाही आणू लागली होती. दिवस मावळला की जनीला दिसेनासं व्हायचं. दारातल्या विहिरीत पडेल या भीतीनं सुंदरा म्हैस पिळताना तिचा हात दोरीनं खांबाला बांधून ठेवायची. पोरीच्या मनगटावर काळा वळ उठला होता.

"सासू बोलते, बाहेरचं झालंय."

"बाहेरचं नाय गं, आतलं. डोळ्याला लागतं ते जीवनसत्त्व अ पोटात कमी पडलंय. ते या तेलात हाय."

"मंग दोन चमचे द्या ना दादा. लवकर दिसंल."

"एक म्हंजे एक! जास्ती झालं तर डोकं दुखतं, केस गळतात. लेकीला डोळे देताना टक्कल कशाला देतेस?"

चार दिवस हे असं चाललं. पाचव्या दिवशी लडकू मेहुणीच्या नातवाच्या बारशाला खालापूरला गेला. सहाव्या दिवशी सकाळी परत येऊन बघतो तर दवाखान्याच्या अंगणातल्या मोरीवर गावातली झाडून सगळी मांजरं गोळा झालेली. ग्रामसभेलाही इतकी हजेरी कधी नसे, आणि इतकी शिस्त तर नाहीच.

लडकू धावतच तिकडे गेला. दवाखान्याची आया अंबूबाई केरसुणी घेऊन उभी होती.

"सायबानं सांगितलं, वत. मी वतलं."

"काय वतलंस?"

"मोरीचं तेल. मोरीत."

"अगं, तुला ठावं होतं ना ते काय हाय ते?"

"व्हतं की. मी बोलली, सायेब, हे मोरीचं हाय. सायेब बोलले, म्हणूनच मोरीत वत."

डॉक्टर मोघे पुण्याहून येऊन दोन महिने झाले होते. माणूस हुशार आणि कामाला वाघ. दिवाळीच्या आत गावात एक डास शिल्लक ठेवायचा नाही असा त्यांचा संकल्प होता. हिवतापाच्या मोहिमेत गटारांवर तेल ओततात हे त्यांना पाठ होतं. डब्यावर 'मोरीचे तेल' असं इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असताना त्यांनी शंका का घ्यावी?

"शार्क लिव्हर ऑइल असं का नाही लिहिलंत?" चष्मा सारखा करून एक कागद पुढे सारत ते म्हणाले. "चिठ्ठी चुकीची होती, तसं लिहून सही करा. मी वर पाठवतो. आठवड्यात नवा डबा येईल."

"आनि नाय लिवलं तर?"

"तर मला तुमच्याबद्दल लिहावं लागेल. आणि डबा यायचा तेव्हा येईल."

लडकूला साडेतीन वर्षं नोकरी उरली होती. त्यानं कागदाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. ओट्यावर जनी बसली होती, आज तेल नाही हे कळल्यामुळे अतिशय खूश.

"लिवा सायेब, माझ्याबद्दल लिवा," तो म्हणाला. "शार्क म्हटलं तर इथल्या बायांना वाटंल, कुणा सायबाच्या कुत्र्याचं नाव हाय. कुनीबी पोराला पाजनार नाय. मोरी म्हटलं की त्यांना बाळंतपणात आयनं करून घातलेलं मोरीचं कालवण आठवतं. मंग त्या पोराचं नाक धरतात. शब्दात माझी चूक नाय. पुण्याला दर्या नाय ती माझी चूक असंल, तर आत्ता सही करतो."

डॉक्टरांनी कागद टेबलाच्या खणात टाकला. खण जरा जोरात लागला.

त्याच दुपारी लडकू कर्जतला झाकीरच्या औषधांच्या दुकानात शिरला. झाकीर म्हणजे जुना दोस्त. त्यानं मोठ्या कौतुकानं केशरी रंगाची बाटली पुढे केली. "लडकूभाऊ, हे बघा. नवीन आलंय. संत्र्याचा स्वाद. पोरं मागून मागून पितात."

लडकूनं बाटली हातभर लांब धरून बारीक छपाई वाचली. "साखर, रंग, संत्रं, पुन्ना साखर, आनि सगळ्यात खाली मोरी. बिचारीला टेकायला जागाच ठेवली नाय रं! सरबताला वास लागावा म्हनून घातली काय?"

"मग या गोळ्या न्या. सोन्यासारख्या दिसतात."

"पोरीला गिळता येनार नाय. आनि यात जीवनसत्त्व किती, त्याचा आकडा कुठं हाय?"

"तुम्ही औषध घेताय की जावई बघताय?"

"जावई आवडला नाय तर लेक म्हायेरी येते. डोळे गेले तर येत नायत, झाकीरभाई."

झाकीर हसायचा थांबला. आतल्या फडताळातून त्यानं काळपट काचेची बाटली काढली. चित्र नाही, स्वाद नाही. आकडा होता, तारीख होती. लडकूनं बूच उघडून हुंगलं. "मासळीचा वास हाय, खवट नाय. ही खरी. उन्हात ठेवली नव्हतीस ना?"

"तुम्ही गिऱ्हाईक असताना?"

दुसऱ्या सकाळपासून ओट्यावर पुन्हा नाक, चमचा आणि गूळ सुरू झालं. खिडकीतून डॉक्टर बघत. पाचव्या दिवशी सुंदराला म्हणाले, "उद्या दिवेलागणीला आणा हिला. तपासू."

सुंदरा आली ती जनीला आपल्या हाताशी दोरीनं बांधूनच. दिवा अजून लावला नव्हता. सूर्य डोंगराआड गेला होता आणि अंगणातली माणसं नुसत्या आकारांनी ओळखायची वेळ झाली होती. लडकू भिंतीला टेकून उभा होता. त्याचे हात उगाच एकमेकांना धरून होते.

डॉक्टरांनी तीन बोटं धरली. "सांग, किती?"

जनी बोटांकडे बघेचना. तिची नजर त्यांच्या पलीकडे गेली होती. सुंदरानं डोळ्यांना पदर लावला.

"मोरीवर पाच मांजरं हायत," जनी म्हणाली.

डॉक्टर वळले. "चार आहेत."

"पाच. काळं हाय ते भिताडाला चिकटून बसलंय. त्याला शेपूट नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मोरीपर्यंत चालत गेले. भिंतीला चिकटलेला अंधार फिस्कारला आणि बिनशेपटीनं पळाला.

सुंदरानं पोरीच्या मनगटाची दोरी सोडली, तिची नीट गुंडाळी केली आणि कमरेला खोचली. जनी अंगणभर पळत सुटली. एकदाही अडखळली नाही.

डॉक्टर आत गेले. खणातला तो कागद काढून त्यांनी त्याचे चार तुकडे केले. बाहेर येऊन म्हणाले, "नवा डबा मी मागवतो. डबा माझ्या चुकीनं संपला, असं लिहून. चिठ्ठी मात्र तुम्हीच डकवा."

"काय लिवू?"

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. "मोरीचं तेल."

अंबूबाईनं केरसुणी खाली ठेवली. असा प्रसंग उभ्या नोकरीत तिनं पाहिला नव्हता.

"आणखी काही म्हणणं आहे तुमचं?" डॉक्टरांनी नरमाईनं विचारलं. आता लडकू काय मागणार, म्हणून सगळे कान देऊन उभे राहिले.

लडकूनं पाठ ताठ केली, घसा खाकरला.

"हाय सायेब. दवाखान्याच्या साबनाची एक वडी द्या. रोज धुतोय, पन शर्टाचा वास जात नाय. पाच मांजरं हितं होती, बाकीची माझ्या दारात बसल्यात."